मी घर दाखवलं, बाईंनी मला पाहिलं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, व्यासपीठावरचे संस्थेचे सर्व मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या समुपदेशक बाई, आणि एकमेकांना कधी न भेटलेली, पण एकाच बाईंपुढे रडून घेतलेली समोरची सगळी कुटुंबं, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या वयाला पाच मिनिटं उभं राहण्यातच जातात, तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे जरा काणाडोळा करावा. मला लिहिता-वाचता येत नाही. हे भाषण मी सांगितलं आणि नातीनं उतरवून घेतलं. कागद घेऊन ती पहिल्या रांगेत बसली आहे. मी भरकटले की तिनं भुवया उडवायच्या, असं ठरलंय. आत्ताच उडाल्या.

तर बाईंविषयी. सोळा महिने मी यांना ओळखते, पण गळ्यापर्यंतच. गळ्याखालीही बाई आहेत, हे आज दारात कळलं. बाई, तुम्ही एवढ्या उंच असाल असं वाटलं नव्हतं हो. मोबाईलमध्ये तुम्ही माझ्या तळहातावर मावत होता.

आमच्याकडे काय झालं ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या मुलानं आणि सुनेनं वेगळं व्हायचं ठरवलं. भांडण नाही, आदळआपट नाही. भांडण असतं तर मी मध्ये पडले असते, ते मला चांगलं जमतं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट सोडवतो आणि घरी आला की स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये थांबून राहतो. सून कवळ्या बनवते, दातांच्या डॉक्टरांना पुरवते. माझ्या तोंडातले दात तिच्याच हातचे. तिच्याविरुद्ध बोलायचं तर तिच्याच दातांनी बोलावं लागतं, आणि ते काही बरं दिसत नाही.

दर शनिवारी दुपारी चार वाजता बाई यायच्या. यायच्या म्हणजे जेवणाच्या टेबलावर सून लॅपटॉप उघडायची. मुलगा तोवर नव्या जागेत गेला होता, तो दुसऱ्या चौकोनात दिसायचा, मागे नुसती पांढरी भिंत. चारचं ऊन पडद्यावर आलं की बाईंचा चेहरा पाण्याच्या तळाशी असल्यासारखा हलायचा. आवाज मात्र अगदी जवळून, कुणी शेजारी बसून बोलावं तसा. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून पडलेली. सगळ्यांना वाटायचं, म्हातारी झोपली. झोपेचं सोंग हा माझा जुना उद्योग. घरातलं बरंच काही मला त्यातूनच कळत आलंय.

असंच कळलं, की नात चार दिवस इथे राहणार आणि तीन दिवस तिथे. मग वह्या कुठे, सायकल कुठे, काचेच्या भांड्यातला मासा कुठे. त्या माशाचंसुद्धा वेळापत्रक झालं. माझं मात्र कुणी नाव काढेना. मुलगा धरून चालला होता, आई आपल्याकडे येणार. सुनेनंही तेच धरलं होतं.

एका शनिवारी बाई म्हणाल्या, "मागे आजी आहेत ना? त्यांचे डोळे मिटलेत, पण पायाचा अंगठा मघापासून ताल धरतोय. आजी, तुम्हांला कुठे राहायचंय?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? मी सामान आहे. टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवतात ते."

कुणी हसलं नाही. चांगला विनोद वाया गेला.

बाईंची एक पद्धत आहे, ती इथल्या पुष्कळांना ठाऊक असेल. प्रत्येकानं एकट्यानं मोबाईल हातात घ्यायचा आणि आपलं घर फिरून त्यांना दाखवायचं. आमच्या नातीनं म्हणे टेबलाखाली बसून वीस मिनिटं टेबलाची पोटाकडची बाजू दाखवली. पुढच्या शनिवारी माझी पाळी आली. सुनेनं मोबाईल लावून हातात दिला आणि नातीला घेऊन खाली गेली.

मुलाच्या नव्या जागेत जायचं सामान अर्धं बांधून ठेवलेलं होतं. खोकी, दोऱ्या, भिंतीवर उतरवलेल्या तसबिरींचे फिकट चौकोन. ओळखीच्या घरातून मी अशी चालत होते, की जणू घर मला सोडून कधीच निघून गेलंय आणि मी त्याच्या आठवणीत फिरतेय. पाऊल टाकलं तरी आवाज येईना. मी बाईंना सांगत होते, ही मुलाची जागा, हा भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग, एवढं तेल त्यानं शाळेत असताना लावलं असतं तर आज केस असते. हे स्वयंपाकघर, इथला नळ चार वर्षं गळतोय आणि घरात कारागीर आहे.

मग सुनेच्या कामाच्या खोलीत गेले. फळ्यांवर प्लॅस्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडलेले, कुणाकुणाचे कोण जाणे, सगळे किंचित उघडे, काहीतरी सांगता सांगता थांबल्यासारखे. गुलाबी मेणाचा वास. खिडकीतून ऊन आलेलं आणि त्यात प्लॅस्टरची पूड हळूहळू वर चढत होती, खाली यायचं विसरून. त्या खोलीत दुपारी मी मटार सोलत बसते. ती काम करते. ती बोलत नाही, मीही बोलत नाही. मी तिथे स्टुलावर बसले आणि किती वेळ बसले, मला सांगता यायचं नाही.

शेवटी म्हटलं, "झालं घर, बाई. पाहिलंत ना?"

"नाही आजी. कॅमेरा उलटा होता. मला सगळा वेळ तुमचा चेहराच दिसत होता."

"मग आधी सांगायचं नाही होय?"

"सांगणार होते, पण मग सांगवेना. आजी, सगळीकडे तुम्ही चेष्टा करत होता. एका खोलीत गप्प झालात. ती कुणाची?"

मला ठाऊक होतं. ठाऊक नाही असं ठेवलं होतं, इतकंच. म्हटलं, "सुनेची. पण हे माझ्या मुलाला कोण सांगणार?"

"तुम्ही. मी तिथे असेन."

आणि मी सांगितलं. पुढच्या शनिवारी, सगळ्यांसमोर. मुलगा म्हणाला, "आई, मुलगा मी आहे ना तुझा?"

"आहेस रे. त्यात काही बदल नाही. पण राहायचंय मला हिच्याजवळ."

सून गडबडली. "मी त्यांना काही शिकवलेलं नाही हं."

"तिला कोण काय शिकवणार? ती कुणाचं ऐकते?" मुलगा म्हणाला. वर्षभरात दोघांचं एकमत झालं ते तेवढंच, आणि तेही माझ्यावर.

मग त्याचा चौकोन स्तब्ध झाला. मला वाटलं, नेट गेलं. नातीला म्हटलं, हलव जरा. बाई म्हणाल्या, "नेट आहे, आजी. ते आहेत. आपण थांबू या." आयुष्यात मला कुणी थांब म्हटलं आणि मी थांबले, असं त्या दिवशीच झालं असेल. मग तो म्हणाला, "तिच्या सकाळच्या गोळ्या..."

"अकरा वर्षं मीच देतेय," सून म्हणाली.

"माहितीये," तो म्हणाला आणि चौकोन काळा झाला.

त्याला आज सात महिने झाले. तो माझ्याशी बोललेला नाही. नातीला सोडायला फाटकापर्यंत येतो, वर येत नाही. "आजीच्या गोळ्या संपल्यात का विचार," असा निरोप तिच्याकडे देतो. मी दर वेळी सांगते, संपत आल्यात. नवं पाकीट आलेलं असलं तरी तेच सांगते.

बाई, तुम्ही आमचं घर सांधलंत असं म्हटलं तर ते खोटं होईल. आमची दोन घरं झाली. पण मला घरात जागा कुठली, हे तुम्ही मला विचारलंत, आणि उत्तर येईपर्यंत हलला नाहीत. आता बहिणीजवळ राहायला निघालात. तिथे तुम्हांलाही कुणी असं विचारो आणि थांबो.

नातीच्या भुवया आता उतरतच नाहीत, तेव्हा आवरते. संस्थेचे, अध्यक्षांचे आणि इतका वेळ माझं ऐकून घेणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर म्हातारीचं म्हणून सोडून द्या.

आणि एक राहिलं, कागदावर नसलेलं. इथून मला सगळं सभागृह दिसतं. तिसऱ्या रांगेत एक लिफ्टवाले बसलेत. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी तासाभरापासून पिशवी ठेवली आहे. दोघा जणांनी विचारलं, त्यांना मानेनंच नाही म्हणाले. बायको आणि मुलगी पुढे बसल्यात, म्हणजे जागा त्यांच्यासाठी नाही.

पिशवी उचल रे. मी खाली येतेय.