खाली बसवलेली गाडी

मेस्त्री : मग चाकं धरून ठेवणारे हे लोअर आर्म कुठले टाकू, ते एकदा ठरवा साहेब. कंपनीचे टाकले तर पुढची चाकं अशीच आत कलणार आणि टायर आतून खाणार. हे दुसरे फिरवून लांबी कमी-जास्त करता येणारे. गाडी एवढी खाली बसवलीत, तर हेच लागतील.

जावई : हेच टाका. गाडी आहे तेवढीच खाली राहील ना?

मेस्त्री : राहील की. चाकं सरळ होतील, पोट काही उचललं जाणार नाही. स्पीडब्रेकरला घासणार ते घासणारच. आत्ता कसं करता?

जावई : तिरकी काढतो. हळूहळू.

मेस्त्री : मागे माणूस बसलेला असताना? मला नाही पटत.

सासरे : अहो, मी उतरतो ना!

मेस्त्री : तुम्ही? ही काठी घेऊन?

जावई : बाबा, तुम्ही जरा तिकडे पंख्याखाली बसता का?

सासरे : इथं बरा आहे मी. काय आहे मेस्त्री, तेवढंच चालणं होतं. काल दवाखान्याच्या फाटकात तर गंमतच झाली. तिथल्या स्पीडब्रेकरला मी उतरलो, गाडी गेली पुढे. वॉचमन म्हणतो, आजोबा, ड्रायव्हर तुम्हाला टाकून पळाला की काय?

मेस्त्री : मग?

सासरे : म्हटलं, ड्रायव्हर नाही रे, जावई आहेत आमचे. गाडी लावायला जागा बघतायत. उगाच कुणी त्यांना नावं कशाला ठेवायची?

जावई : हे मला बोलला नाहीत तुम्ही.

सासरे : त्यात काय बोलायचं? गुडघ्याचा एक्स-रे काढायलाच निघालो होतो, चार पावलं जास्त झाली.

मेस्त्री : (हातातला आर्म टेबलावर ठेवत) साहेब, हे परत खोक्यात घालू का?

जावई : माझ्या जुन्या स्प्रिंगा आहेत अजून तुमच्याकडे?

मेस्त्री : माळ्यावर पडल्यात. त्या बसवल्या की गाडी मूळ उंचीला येईल. मग कंपनीचेच आर्म चालतील.

सासरे : माझ्यासाठी नको हं! केवढ्या हौसेनं केलीत. मी काय, कधीतरी बसणारा माणूस.

जावई : बसवा मेस्त्री. बाबा, लाज वाटते हो मला. आरशात दिसायचात तुम्ही, काठी टेकत मागून येताना. आणि मी बंपर वाचला म्हणून खूश!

सासरे : जाऊ द्या हो, जावईबापू.

जावई : फक्त हिला यातलं काही सांगू नका. तिला तोंड दाखवायची सोय राहणार नाही. तिला वाटतं, मी तुम्हाला अगदी दारापर्यंत नेतो.

सासरे : असं वाटतं तिला?

जावई : का? काय झालं?

सासरे : हे बूट बघितलेत? मऊ सोलचे आहेत. तिनंच आणून दिले. म्हणाली, बाबा, ह्यांच्या गाडीतून जायचंय ना, मग हे घाला, बरंच चालावं लागेल.