दुधाचा पत्ता

मंडळी, सावरून बसा. पुढच्या आज्यांनी जरा सरकून लेकुरवाळ्यांना जागा द्या. बाळ रडलं तर रडू दे, टाळांपेक्षा गोडच वाजतं ते!

आज एकच विचारते. दान मोठं, की दानाचा पत्ता मोठा? तुम्ही म्हणाल, ताई, हे काय विचारणं झालं—दानच मोठं! बरं. एकानं भर वैशाखात पाणपोई घातली. गार रांजण, वर वाळ्याची जुडी. पण घातली कुठं? स्वतःच्या परसात! वाटसरूचा घसा कोरडा तो कोरडाच. झालं का दान?

आता डोकी खाजवत बसलात. बसा. उत्तर मी देत नाही, कासारवेढ्याची सुमेधा देते.

कासारवेढं तालुक्याचं गाव. तिथं एका ट्रस्टचा दवाखाना. अध्यक्ष आबासाहेब निंबोरे. माणूस सोन्यासारखा, पण हार दिसला की मान आपोआप पुढं! (हसू नका, प्रत्येक मंडळात एक असतात.) या आबासाहेबांनी दसऱ्याला एक थोर काम केलं. दूधपेढी काढली. गाईम्हशीच्या दुधाची नव्हे हो, आईच्या दुधाची! जिला जास्तीचं येतं तिनं द्यायचं, मुजावर डॉक्टरीणबाईंनी तपासायचं, निर्जंतुक करून गोठवायचं. आणि जे लेकरू दिवस भरायच्या आत जगात आलं, ज्याच्या आईला अजून पान्हाच फुटला नाही, त्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं. देवकीचा कान्हा वाढला कुणाच्या दुधावर? यशोदेच्या! तेच हे काम.

सुमेधा खैरमोडे त्या ट्रस्टच्या कार्यालयात. पत्रं टाइप करायची, पेपरांना बातमी धाडायची. घरी आठ महिन्यांची लेक. पेढीत पहिलं दूध दिलं ते हिनंच. बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर. पण हिला आपली बाटली ओळखू यायची. फ्रीजरचं दार उघडलं की नजर तिथंच जायची. कुणाच्या ओठाला लागेल गं तू?

कुणाच्याच लागेना! दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत आली. आया दूध देऊन जायच्या, न्यायला मात्र एकही बाळ नाही. ट्रस्टच्या बैठकीत ठरलं—पाडव्यापर्यंत एक तरी बाळ आलं तर ठीक. नाहीतर पेढी बंद, यंत्रं शहरातल्या दवाखान्याला, आणि साठलेलं दूध... मंडळी, आईचं दूध मोरीत ओतायचं! बोलतानाही जीभ जड होते.

अशात एक बाई टाके दाखवायला आली. शेजारच्या तालुक्यातली. बोलता बोलता सांगू लागली, की तिचं बाळ सातव्या महिन्यातलं, अकरा दिवस आईच्या दुधाला मोताद होतं. नवऱ्यानं फोनला विचारलं, फोननं सांगितलं पुणं. गाडी करून दोनदा पुण्याला गेला बिचारा. बाळ वाचलं, पण त्या अकरा दिवसांत हिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सुमेधानं विचारलं, अहो, पण आमच्याकडे का नाही आलात? बाई म्हणाली, तुमच्याकडे असतं?

तुमच्याकडे असतं! फ्रीजर दहा पावलांवर!

आता फोनचं सांगते. पूर्वी फोनला विचारलं की तो पन्नास नावांची यादी पुढं टाकायचा. हल्ली त्यात एक शहाणं यंत्र आलंय, एआय म्हणतात त्याला. सगळीकडचं वाचतं आणि एकच उत्तर देतं. गावातल्या चावडीवरच्या म्हाताऱ्यासारखं—यादी नाही, सरळ रस्ता सांगायचा. वसुदेवाला गोकुळाची वाट ठाऊक होती म्हणून कान्हा यशोदेपाशी पोचला. आजचा वसुदेव वाट कुणाला विचारतो? या यंत्राला!

सुमेधानं तिथंच फोन काढला. “कासारवेढ्याजवळ आईचं दूध कुठं मिळेल?” उत्तर आलं, पुणं. मग तिनं पेढीची स्वतः लिहिलेली बातमी काढून वाचली. आणि कानशिलं तापली. मथळा काय, “क्षीरामृत संजीवन प्रकल्पाचे दिमाखात लोकार्पण”! पुढं दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, एकतीस मान्यवरांची नावं, प्रास्ताविक कुणी केलं, आभार कुणी मानले. आणि अख्ख्या बातमीत “आईचं दूध” हे शब्द नाहीतच. लिहिताना लाज वाटली होती हो! वेळ नाही, फोन नंबर नाही. दवाखान्याच्या वेबसाइटवर तर पेपरातल्या कात्रणाचा फोटो चिकटवलेला, तोही आडवा. यंत्रानं तरी काय वाचावं? रात्री लेकरू उपाशी असताना कुठला बाप विचारील, क्षीरामृत संजीवन कुठं आहे म्हणून?

सुमेधानं नवी बातमी लिहिली. पण अध्यक्षांचं नाव पहिल्या ओळीतून काढायचं म्हणजे वाघाच्या मिशीला हात! तिनं वाद घातलाच नाही. सरळ आबासाहेबांच्या हातात फोन दिला आणि म्हणाली, तुम्हीच विचारा.

आबांनी विचारलं. पुणं. आबांना वाटलं, याला कमी ऐकू येतं, मोठ्यानं विचारलं. पुणं. मग घसा खाकरून विचारलं, “आबासाहेब निंबोरे कोण?” फोन घडाघडा बोलला: कासारवेढ्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष, दसऱ्याला त्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन झालं. आबा खुलले. हसले. आणि मग ते हसू हळूहळू ओसरत गेलं.

“म्हणजे पोरी,” आबा म्हणाले, “माझं नाव पोचलं. दूध नाही पोचलं.”

सुमेधानं जुनी बातमी पुढं ठेवली. आबांनी खिशातलं पेन काढलं आणि एकतीस नावांवर एकच रेघ मारली. सुरुवात स्वतःच्या नावापासून! “त्यापेक्षा गेटवरच्या तुकारामचा नंबर घाल,” म्हणाले, “रात्री दार तो उघडतो.”

मंडळी, याला म्हणतात अहंकाराचं विसर्जन! आपण गणपती विसर्जन करतो, हा राहतो घरातच.

नव्या बातमीचा मथळा काय? “दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला आईचं दूध कुठं मिळेल? कासारवेढ्यात.” प्रश्न तोच, जो घाबरलेला माणूस विचारतो, आणि उत्तर पहिल्याच ओळीत. कुणाला मिळतं, चिठ्ठी कुणाची लागते, दिवसा कार्यालयाचा नंबर, रात्री तुकारामचा. आबांचा एक सोबती म्हणाला, “राज्यातली सर्वोत्तम” असं तरी घाला. मुजावर बाई म्हणाल्या, सर्वोत्तम कुणी मोजलं? आज किती दूध आहे ते घाला, मी सही करते. यंत्र झालं तरी चार ठिकाणी ताडून बघतंच! तीच बातमी, तेच नाव, तेच नंबर—वेबसाइटवर नीट अक्षरांत, तीन पेपरांना, जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवर.

आठवडा गेला. दुसरा गेला. सुमेधा रोज विचारायची, फोन रोज पुणं म्हणायचा. पाडवा चार दिवसांवर. आणि एका सकाळी विचारलं तर—

कासारवेढं!

तिनं फोन खाली ठेवला नाही तोच टेबलावरचा खणखणला. पलीकडून कुणी नागनाथ तुपारे. आवाज फाटलेला. पोरगी झालीय, अकराशे ग्रॅमची, आई शुद्धीवर नाही, डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय. “फोननं तुमचं नाव सांगितलं,” म्हणाला. “खरंच आहे ना तिथं?”

“आहे,” सुमेधा म्हणाली. “तुम्ही बाळापाशी थांबा. दूध आम्ही आणतो.”

बर्फाच्या पेटीतून निघालं दूध! तुकारामनं फाटक सताड उघडलं. रुग्णवाहिकेत पुढं ड्रायव्हरशेजारी कोण? आबासाहेब! ना हार, ना फोटोवाला. त्या दिवशी लेकराच्या नळीतून पहिल्यांदा दोन मिली गेलं. अर्धा चमचाही नव्हे. पाडव्याला पाच मिली. चैत्र संपता संपता पोरगी आईच्या कुशीत, आईच्याच दुधावर! पेढी बंद झाली? कशाची हो! त्या महिन्यात नऊ बाळं आली. बैठकीत दुसरा फ्रीजर मंजूर, आणि आबांनी ठराव स्वतः मांडला. त्यात एकही नाव नव्हतं.

आता तुमच्याकडे वळते. येताना गावाचा फलक पाहिला मी. माझं नाव हातभर, संयोजकांची नावं वीतभर, आणि कीर्तन किती वाजता? कुठंच नाही! मागं उभ्या त्या वहिनी अर्धं आख्यान चुकवून आल्या, तो दोष त्यांचा नव्हे. गावात कुणी शिवण शिकवतं, कुणाचं रक्त दुर्मीळ, कुणाची गाडी अडल्यानडल्याला फुकट जाते. घरी जा आणि लिहा. गरजवंत ज्या शब्दांत रडतो, त्या शब्दांत लिहा. आधी त्याचं उत्तर, मग उरलीच जागा तर तुमचं नाव.

कारण कुठल्याशा दवाखान्यात एक बाप आत्ता फोन हातात धरून विचारतोय. त्याला तुमचं गाव सांगितलं जाऊ दे. टाळ उचला, आणि त्याच्या लेकरासाठी एकदा मोकळ्या गळ्यानं म्हणा—विठ्ठल, विठ्ठल!