कोल्ह्याची चपळाई

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते. भावाचा गाल सुजला होता, तरी तो बोलायचा थांबत नव्हता.

“ताई, लेक क्लासला गेली होती. म्हटलं, तेवढ्यात गेममधल्या तिच्या कोल्ह्याला चार लढाया जिंकून देऊ.”

“मग बिघडलं काय?”

“अगं, चपळ प्राण्यांना हरवलं की त्याची चपळाई वाढते, दांडग्यांना हरवलं की ताकद. पण एकूण वाढीला मर्यादा असते, आणि किती वाढलंय ते दिसत नाही. म्हणून ती महिनाभर वहीत मोजून फक्त चपळांशीच लढवत होती. मी अक्कल पाजळून त्याला दांडग्यांशी लढवलं, आणि उरलेली सगळी जागा ताकदीनेच भरली.”

“तुला कळलं कधी?”

“काल, स्पर्धेत. समोरचा जास्त चपळ निघाला, त्याने आधी वार केला, कोल्हा तिथेच आडवा. पहिल्याच फेरीत बाहेर.”

“रडली असेल रे पोर.”

“नाही ना! घरी आली ती वही घेऊन बसली. एकेक रेघ बोटाने मोजली. मग म्हणाली, बाबा, माझंच काहीतरी चुकलं.”

“तेव्हा तरी सांगितलंस ना?”

“मी म्हटलं, पुढच्या वेळी नीट मोजत जा.”