स्टेडियमचा थांबा

गेल्या शर्यतीत सगल शेवटची आली होती. म्हणून आजची शर्यत चुकवून, स्टेडियमच्या थांब्यावर न उतरता ती मोगादिशूच्या मिनीबसमधून गुपचूप मावशीकडे निघाली होती. पुढच्या बाकावर दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

“स्टेडियमला कशाला चाललीस गं?”

“त्या सगलला बघायला.”

“शेवटच्या आलेल्या पोरीत बघायचं काय?”

“तिच्याशी बोलायचं म्हणून माझा पोरगा अब्शिर लिडोच्या किनाऱ्यावर वाळूत तिच्या मागं धावला. मासळीबाजारापाशी आडवाच झाला.”

“आणि ती?”

“तिला पत्ताच नाही. तशीच पुढं गेली. सून करीन तर तिलाच.”

“पण ती हाताला लागायला हवी ना?”

“म्हणून तर निघालेय. शर्यत संपल्यावर थांबेलच की कुठंतरी.”

“स्टेडियम,” कंडक्टर ओरडला.

ओढणीत हसू दाबत सगल सगळ्यांच्या आधी उतरली आणि थेट मैदानाकडे पळत सुटली.