रंभाची डबी

डॉक्टर : आ करा. आणखी. रुखमाबाई, ही हिरडी काळी का पडली?

रुखमाबाई : खाल्लं असन काई कडक.

डॉक्टर : जेवणानं अशी पडत नाही. हिरडी सरकून दातांची मुळं उघडी पडली होती तुमची. गार पाण्याचा घोट घेतला की खुर्चीतून उडत होतात. म्हणून टाळूची कातडी काढून इथे शिवली. ते ठिगळ मेलं आता. ते तंबाखूचं गुडाखू घासलंत ना दातांना?

रुखमाबाई : छे. तंबाखूचं नावबी नाई घेतलं.

डॉक्टर : खोटं बोलताना तुमचा पदर तोंडाशी जातो.

रुखमाबाई : ...एकडावच घासलं, साहेब. भाऊ मेला माझा, नानाजी. एटापल्लीकडं तेरवीले गेली होती.

डॉक्टर : अरेरे. पण दुःखाला चहा चालला असता, बाई.

रुखमाबाई : चाहाचं नोहे ते. भावजयीनं गुडाखूची डबी पुढं केली. रंभानं. माह्या पोरीच्या लग्नात तिले मानाचं लुगडं द्याचं राहून गेलं. तवापासून ते माह्या दारी नाई आली, मी तिच्या नाई गेली. भाऊच एकटा यायचा बिचारा. त्या दिशी साऱ्या बायांतून उठली, अन् माह्यापुढं डबी उघडून उभी राह्यली. बोलली काईच नाई.

डॉक्टर : टाके आहेत म्हणून सांगायचं.

रुखमाबाई : आमच्यात डबी पुढं केली म्हंजे तिनं भांडन सोडलं. म्या बोट नाई बुडवलं, त म्या नाई सोडलं. तिथं टाके कोनाले दाखवू? नानाजी असता त त्यानं समजावलं असतं.

डॉक्टर : झोंबलं असेल.

रुखमाबाई : लई. डोयातून पानी आलं. तिले वाटलं, भावासाठी रडून राह्यली. मंग तेबी रडली, गळ्यात पडून.

डॉक्टर : पुन्हा आ करा, बघू दे.

रुखमाबाई : दात जाईन का, साहेब?

डॉक्टर : टाळूची दुसरी बाजू शिल्लक आहे. ही जखम भरली की पुन्हा शिवू. पण धरेलच असं सांगत नाही. ती कातडीही मेली तर दात काढावाच लागेल.

रुखमाबाई : शिवा.

डॉक्टर : आणि रंभाबाईंनी पुन्हा डबी उघडली तर?

रुखमाबाई : ते बाहीर बाकड्यावर बसली हाये. यष्टीत खिडकीची जागाबी तिनंच देल्ली मले.

डॉक्टर : मग बोलवा आत. त्यांनाच बजावतो.

रुखमाबाई : बजावा. पन रंभा डबी नाई काढाची. आता आमी बोलतो.