कागदाबाहेरचं घर

"हॅलो? …हॅलो? …हाव, येतंय ऐकू… जय भीम, बाळा. बोल."

सरजाबाईंनी बसल्या जागीच एका हातानं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं कुकरखालचा गॅस बारीक केला. थोरल्या लेकाचा, अश्वजितचा फोन होता, लातूरहून. रविवारी तो गाडी घेऊन येणार होता आणि आईला कायमची लातूरला नेणार होता. तसं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्यानं ठरवलं होतं आणि सरजाबाईंनी 'बरं' म्हटलं होतं. भरलेली लोखंडी पेटी दाराजवळ ठेवलेलीही होती. आता ते 'बरं' परत घ्यायचं होतं, आणि दिलेला शब्द परत घ्यायची सवय सरजाबाईंना नव्हती. सकाळपासून त्या फोनकडे पाठ करूनच कामं उरकत होत्या.

"जेवलास का? …आन् शिल्पा? …पोरं शाळेत गेली का? …बरं, बरं… अरे ऐक ना, मी काय म्हणते… हाव, पेटी भरली. भरली रे! …गाद्या बी बांधल्या… पण ऐकून तर घे…"

अश्वजित बापावर गेला होता. एकदा बोलायला लागला की समोरच्याला श्वास घ्यायचीही उसंत देत नसे. खोली रंगवली, खिडकीला जाळी बसवली, दवाखाना अगदी जवळ आहे, हे सगळं तो सांगत होता आणि सरजाबाई हुंकार देत होत्या. पोरगं गुणाचं होतं, हीच पंचाईत होती. वाईट असतं तर भांडण सोपं झालं असतं.

"आवडंल की रंग, न आवडायला काय झालं… पण बाळा, मी काल नांदेडला गेलते. …ज्योत्स्नासंग. होस्टेलातून न्यायला आलती मला. …मुदखेडहून रेल्वेनं. …न्हाई, फी-बी काही न्हाई. तिच्या विद्यापीठात गेलते रे! भाषण केलं तिनं. …हां, माईकवर! मोठमोठ्या सरांपुढं! …हाव, तेच ते तिचं, समाजशास्त्र. …हसू नको. …न्हाई, आधी हसणं बंद कर, मग सांगते."

धाकट्या ज्योत्स्नानं समाजशास्त्र घेतलं तेव्हा याच अश्वजितनं घर डोक्यावर घेतलं होतं. लातूरच्या क्लासेसचे बोर्ड वाचून वाचून त्याची खात्रीच झाली होती की डॉक्टर आणि इंजिनिअर सोडून जगात तिसरं शिक्षण नाही. माणसं एकमेकांशी कशी वागतात हे शिकायला विद्यापीठात कशाला जायचं, ते ओट्यावर बसूनही कळतं, असं तो बहिणीला तोंडावर म्हणाला होता. सरजाबाईंना तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आज होतं.

"तुला आठवतं का, दिवाळीत ती गावभर घरोघर हिंडून राहिली होती? …हाव, तू म्हणलास, ही काय निवडणुकीला उभी राहून राहिली का! …तर तवा ती विचारत होती, अडीनडीला तुम्ही पहिलं कोणाच्या दारात जाता. …बस, एवढंच. दुखलं-खुपलं, घरात भांडण झालं, लेकीचं सासरी बिनसलं, तर पहिलं दार कोणाचं. …अरे, त्याचा तिनं भिंतीएवढा कागद केला! एका घराचा एक ठिपका. आन् ज्या घरचं माणूस ज्या दारात जातं, तिथवर रेष. …हां, रांगोळीवानीच, पण वाकडीतिकडी. …न्हाई, नावं न्हाईत टाकली. कोणाचं नाव उघडं करायचं न्हाई, असा नेम हाय त्यांचा."

सरजाबाई बोलता बोलता उभ्या राहिल्या. ही गोष्ट बसून सांगण्यासारखी नव्हती.

"आता ऐक. त्यातल्या लई रेषा कागदाच्या कडेला जाऊन राहिल्या होत्या, आन् तिथंच संपून राहिल्या होत्या. …अरे, ठिपकाच न्हाई तिथं! …तिचे मोठे सर हायत, राजशेखर सर म्हणून. ते उठले, चष्मा वर केला आन् म्हणले, पोरी, अर्धा गाव ज्या घरी जातो ते घर कुठंय? …हाव, सगळ्यांपुढं. …तिची खाली मान. माझा इकडं जीव टांगणीला. म्हणलं, चुकलं लेकराचं, आता हसतात हे लोक…"

एवढं बोलून त्यांनी फोन बाजूला धरला आणि पदरानं तोंड पुसलं.

"हाय, हाय मी लाईनीवर… मग ती म्हणली, सर, ते आमचं घर हाय. …हाव. …आपलं! तुझं-माझं! …ऐक तर. म्हणली, लोक मला म्हणत होते, 'तुझ्याच दारात येतो की गं बाई, दुसऱ्या कोणाच्या जाणार?' मला वाटलं, मी समोर बसलेय म्हणून तोंडदेखलं बोलून राहिले. आपल्याकडं बोलतातच तसं. म्हणून मी रेषा कडेलाच सोडल्या, ते घर धरलंच न्हाई. …आता सर काय म्हणले माहीत हाय का? म्हणले, इतकी माणसं एकाच वेळी तोंडदेखलं बोलत नसतात. जा, आपल्या हातानं ठिपका काढ."

काल ज्योत्स्नानं स्केचपेननं गिरवून गिरवून तो ठिपका काढला. ठिपका जरा मोठाच झाला. मग मागच्या बाकावर डोक्यावरचा पदर सावरत बसलेल्या आईकडे बोट करून ती म्हणाली, ही ती. सगळ्या माना वळल्या आणि टाळ्या पडल्या. सरजाबाईंना आयुष्यात टाळ्या अशा पहिल्यांदाच मिळत होत्या. त्यांना कळेना की हात जोडावेत की पायाखालची पिशवी उचलून निघावं. शेवटी त्यांनी दोन्ही केलं.

"लई अभिमान वाटला रे. …माझा न्हाई, तिचा. …बरं, माझा बी वाटला, खोटं कशाला बोलू! …आन् सर म्हणले, माणसाला सोताचं तोंड सोता दिसत न्हाई. चारचौघांच्या वागण्यात ते दिसतं, आन् तसाच तो माणूस घडत जातो. म्हणले, हेच तर आमचं शास्त्र. …हाय का न्हाई शिकण्यासारखं? …मग!"

कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करून सरजाबाई पेटीजवळ आल्या. आता खरं बोलायची वेळ आली होती.

"बाळा, ऐक. …रविवारी गाडी आण, पण पोरांना बसवून आण. परसात वेलाला वाळकं लागलीत, घेऊन जा. …मी न्हाई येत. …हाव, म्हणले होते बरं. आता न्हाई म्हणते. …अरे, राग नको करू…"

राग तो करणारच होता. फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी ऐकू येत होता. आईला गावात एकटं टाकलं असं लोक त्याला म्हणतील, ही त्याची जुनी भीती. आणि तुझं तिथं आहे तरी कोण, हा त्याचा जुना प्रश्न.

"हेच. हेच म्हणते मी. …तू बी तेच केलंस बाळा, पोरीनं केलं ते. कडेच्या रेषा कोणाच्या घरी जातात ते धरलंच न्हाईस. …न्हाई, टोमणा न्हाई… तिथं मला कोणी वाईट वागवत न्हाई रे. शिल्पा तर लेकीवानी करते. पण मागच्या उन्हाळ्यात आलते, तर तुमच्या बिल्डिंगीचा वॉचमन रोज विचारायचा, 'आजी, कोणाकडं?' …रोज! भाजी घेऊन आले तरी, 'आजी, कोणाकडं?' …त्याचं कामच हाय ते, मी कुठं न्हाई म्हणते… पण इथं मला कोणी विचारत न्हाई. इथं माझ्याकडंच येतात."

यावर अश्वजित जे बोलला ते ऐकून सरजाबाईंनी दाराबाहेर पाहिलं. रस्त्याच्या अलीकडे त्यांची वस्ती होती आणि पलीकडे गावातल्या शेतकऱ्यांच्या गल्ल्या. लेकानं विचारलं होतं, पलीकडचे येतात ना कामापुरते? मग तुझ्या घरचं पाणी का पीत नाहीत?

"हाव. …खरं हाय ते. …न्हाई, लागलं न्हाई मला. खरं ते खरं."

त्या पेटीवर टेकल्या.

"दुसरा बी कागद केला तिनं. …कोणाच्या घरी चहापाणी घेता, त्याचा. त्याच्यात रस्त्याच्या पल्याडच्या रेषा… न्हाईतच. एक-दोन असतील. …तो बी भिंतीला लावला. पहिल्याच्या शेजारी. मी म्हणलं, बाई, हा कशाला लावलास, घरची लाज? तर म्हणली, आई, लाज आपली कशी? अर्धं खरं लावलं तर पहिल्या कागदाची बी किंमत जाईल. …अशी हाय तुझी बहीण! आता हस."

तो हसला नाही.

"आन् तुला सांगते, त्याच दुसऱ्या सवालापासून शिवकन्या येईना झाली. …पंचाक्षरीची सून रे, पल्याडची… हाव, तीच, पहिलटकरीण असताना मी जीपमध्ये मांडीवर डोकं घेऊन दवाखान्यात नेलेली. …ज्योत्स्नानं दोन्ही सवाल विचारले तिला. पहिल्याला माझं नाव सांगितलं. दुसऱ्याला गप बसली म्हणे, आन् डोळ्याला पदर लावला. तवापासून पाय ठेवला न्हाई तिनं इकडं. मला वाटलं, दुखावली. तसं बी ती कधी ओट्यावरून आत आली न्हाई. चहा टाकू का म्हणलं की, 'आत्ताच घेऊन आले, मावशी.' …हाव. दर वेळी आत्ताच. …न्हाई रे, रडत न्हाई. सर्दी हाय."

दारात सावली पडली. सरजाबाईंनी मान वळवली. ओट्याच्या पायरीवर शिवकन्या उभी होती, कडेवर पोर घेऊन. मावशी गाव सोडून चालल्या, हे पलीकडच्या गल्लीत पोचलं असणार. तिची नजर दोरीनं बांधलेल्या गाद्यांवरून पेटीवर आली आणि तिथंच थांबली.

"थांब बाळा, एक मिनिट… ये गं, ये. अश्वजितचा फोन हाय… चहा टाकू का?"

हे शेवटचं सवयीनं तोंडातून गेलं. उत्तर ठरलेलं असल्यामुळे सरजाबाई ते ऐकायला थांबल्याही नाहीत, पुन्हा फोनकडे वळल्या.

"हां, बोल… कुठं होतो आपण? …हाव, वाळकं…"

आणि त्यांचं वाक्य तिथंच राहिलं.

शिवकन्या ओट्यावर बसली नव्हती. चप्पल काढून, उंबरा ओलांडून ती सरळ आत आली होती. कोपऱ्यातल्या माठावरचं झाकण तिनं काढलं, ओगराळ्यानं तांब्या भरला आणि उभ्यानंच घटाघटा पाणी प्यायली. उरलेलं पोराच्या ओठांना लावलं. मग पोराला खाली सोडून ती त्या भरलेल्या पेटीवर सरजाबाईंना खेटून बसली आणि पेटीची कडी हातात गच्च धरून चहाची वाट बघू लागली.

फोनमधून अश्वजितच्या हाका येतच होत्या.

"…हाय रे, हाय. न्हाई, कट न्हाई झाला… न्हाई, तब्येत बरी हाय माझी… लई बरी हाय. …ज्योत्स्नाला फोन लाव. तिला म्हण, दुसरा कागद गुंडाळून ठेवू नको, काम बाकी हाय त्यावर. …कळंल तिला. …रविवारी या सगळे. …आता ठेव बाळा, चहा टाकायचाय. …शिवकन्या आलीय."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सरजाबाईंनी शेजारी बसलेल्या पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि पल्याडच्या गल्लीलाही ऐकू जावं अशा आवाजात सांगितलं,

"दारात न्हाई रे… घरात. घरात आलीय. ठेव."