नवे पेशंट घेत नाही

—नाही नाही, तू बोलूच नकोस, मला माहितीय तू कशाला आलीयेस. बस आधी. आणि हा डबा कशाला? नारळाच्या वड्या? अगं, कौमुदीताईकडं टेर्मीन, डॉक्टरची वेळ, मागायला येताना लोक आता वड्या आणायला लागले की काय! ठेव, ठेव. उर्जा, काकूला हॅलो म्हण! — बघ, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये, तेही खोलीतूनच. जाऊ दे. तर तुझ्या नवऱ्याचं, हृषिकेशचं ना? जिना चढला की छातीत दुखतं — तुझ्या शेजारच्या निधीनं सांगितलं मला, महिना झाला. म्हटलं, अहिल्या येईल आपणहून. आणि आलीस. थांब, मला सांगू दे आधी, मग तू बोल.

अकरा वर्षं मी त्या हृदयवाल्या प्राक्सिसच्या, दवाखान्याच्या, काउंटरवर बसतेय. रेगेन्सबर्गातल्या निम्म्या मराठी माणसांची हृदयं माझ्यासमोरून आत गेलीयेत. जिथं चार महिन्यांनंतरची तारीख मिळायची तिथं मी चार दिवसांत बसवून दिलंय — दिलंय की नाही? गेनाऊ, अगदी बरोबर. पण तेव्हा तुम्ही सगळे प्रायव्हेट होतात. खाजगी इन्शुरन्सवाल्याचं नाव कितीही लांबलचक असू दे, फ्राउ डॉक्टर हसत हसत उच्चारायच्या. मग या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्या एकेक करत माणसं काढायला लागल्या, हृषिकेशसारखी पोरं घरी बसली, इन्शुरन्सचं कार्ड बदललं — साधं, सगळ्यांचं असतं तसलं — आणि तेच नाव एकदम अवघड वाटायला लागलं. लेखी काही नाही हं. असलं लेखी कोण देतं? जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, कौमुदी, दिवस वाईट आहेत, ही माणसं सहा महिन्यांत परत जाणार, उपचार अर्धवट सोडणार, त्यापेक्षा इथं राहणारे घेऊ या. ही माणसं! माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या. आणि मी काय केलं? मान डोलावली. काय करणार होते? आमच्या ह्यांना, शिरीषला, आठवड्यातून तीनच दिवस काम आहे, उरलेले दिवस बाल्कनीत बसून असतो, कुणाशी बोलत नाही. घर माझ्यावर चाललंय.

मग काय — फोन आला की नाव ऐकायचं. हूबर असला, म्हणजे इथलाच, तर कार्ड साधंच असलं तरी, मंगळवारी या. तुर्की असला, सीरियाचा असला, आपला असला, की आउफनामेष्टॉप — माफ करा, सध्या नवे पेशंट घेत नाही. गोड आवाजात. त्यांना खरं वाटतं गं! थँक्यू म्हणून ठेवतात. असं नको बघूस माझ्याकडं. मलाही आत कुठंतरी टोचतंच. एप्रिलमध्ये एकाचा फोन आला — जर्मन अगदी कागदावरून वाचल्यासारखं, पण आवाजावरून कळलं मला, आपलाच आहे. ओळख सांगू शकला असता, सांगितली नाही. नोकरी गेलेल्या माणसाला ओळख लावायची लाज वाटते, सरळ रांगेतून जावंसं वाटतं. मी म्हणू शकले असते, अरे, मराठीत बोल, काय होतंय तुला? पण फ्राउ डॉक्टर मागंच उभ्या होत्या, फाइल शोधत. मी जर्मनमध्येच विचारलं, कार्ड कोणतं? तर तो बाजूला तोंड करून म्हणाला — अहिल्या, माझं ते नवीन कार्ड कुठं ठेवलंस गं —

नाही, म्हणजे — असं काहीतरी म्हणाला. कुणीतरी.

बरं. हो. फोनवर मीच होते. तू शेजारी होतीस का? असणारच. नावाचं एकेक अक्षर सांगायला लागला तो, मी निम्म्यात तोडलं त्याला, ऐकवेना मला. त्या दिवशी दोनदा तुझा नंबर काढला, पण बोलणार काय? मेलं ते सगळं. आता ऐक, मी भरून काढते. गुरुवारी आठ दहाला एकीनं रद्द केलंय. कुणाला विचारत नाही, सरळ हृषिकेशचं नाव घालते. पावणेआठलाच घेऊन ये त्याला. — का? का नको?

मंगळवारी? जिन्यातच कोसळला? अगं — आणि आता कुठाय? हॉस्पिटलात? अजून शुद्ध नाही? अगं मग आल्या आल्या सांगायचं नाही का, मी आपली मघापासून — हो, मीच बोलू दिलं नाही तुला. पाणी घे. घे गं.

मग माझ्याकडं काय हवंय तुला? सासूबाईंना? मी सांगू? म्हणजे साताऱ्याला फोन करून सांगायचं, की तुम्ही टेर्मीन मागितली होती आणि मिळाली नाही. हां. त्या म्हणतात, सून तिकडं बसून राहिली, माझ्या मुलाकडं लक्ष दिलं नाही. रोज? सगळ्यांसमोर? अरे देवा. आणि माझं ऐकतील, मी वयानं मोठी, डॉक्टरकडं कामाला. एक फोन, पाच मिनिटांचा. खरं आहे तुझं.

नाही जमणार गं मला. आज त्या ऐकतील, उद्या तुझ्या दिराला सांगतील, तो इथं कुणालातरी मेसेज करेल, परवा मंडळाच्या ग्रुपवर, आणि तिथनं प्राक्सिसमध्ये पोचायला काय वेळ लागतो? सत्तेचाळीस चालू आहे मला. आत्ताच्या दिवसांत कोण ठेवणार? तू तरुण आहेस. सासूचं बोलणं काय, अंगाला भोकं पडत नाहीत. सोस थोडं. रडू नकोस, उर्जा आत आहे.

आणि मघाचं — मी काही बोलले नाही. चौघी बसतो आम्ही तिथं, फोन कुणीही घेतला असेल. विचारलंच कुणी, तर एप्रिलमध्ये मी रजेवर होते. ये तू आता.